उशीसाठी लावलेले हॉप्स

आयुष्यात बिअरचा एक थेंब न चाखता बिअरची शेती करणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच असणार, आणि नशीब बघा, तोच नेमका माझा घरमालक निघाला. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला मास्टर्स करायला आलो तेव्हा मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचो. डोक्यावर त्यांची बैठकीची खोली, आणि माझी खिडकी गवताच्या लेव्हलला. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने मी काकांना मुख्यतः घोट्यापासून खालीच ओळखत होतो. पण चप्पल कशी पडते यावरून माणूस कळतो हो. काका चालायचे ते प्रत्येक पाऊल आधी टेकवून, मग वजन टाकून, जमीन घेईल ना याची खात्री करून. मी ती चाल पहिल्याच आठवड्यात उचलली. मी मूळचा मेहकरचा. शाळेत मला गणित कधी आलं नाही, पण गणिताचे सर हुबेहूब यायचे. दर गॅदरिंगला मी सर व्हायचो आणि दर परीक्षेत सर मला माझी जागा दाखवायचे. तेवढ्या भांडवलावर मी अमेरिकेपर्यंत कसा पोचलो हे माझ्या आईला आणि युनिव्हर्सिटीला, दोघांनाही अजून उलगडलेलं नाही.

काका पुलांचे इंजिनिअर. जन्म तासगावकडचा, घरची द्राक्षाची बाग, पण नोकरी सगळी न्यू जर्सीतल्या पुलांवर झाली आणि रिटायर झाल्यावर पूल हातातून सुटले तरी लोड डोक्यातून सुटला नाही. कुठलीही वस्तू घरात आली की त्यांचा पहिला प्रश्न, "लोड बघितलास का?" भिंतीवर कॅलेंडर लावायचं तर लोड. काकूंनी डायनिंग टेबलवर पुरणपोळ्यांचा डबा ठेवला तर लोड. मी एकदा मित्रांना पार्टीला बोलावलं तर काका जिन्यावरून डोकावून म्हणाले, "सगळे एका कोपऱ्यात उभे राहू नका, विभागून उभे रहा." गाडीतून जाताना स्वतः तपासलेला पूल आला की ते स्पीड कमी करायचे आणि पूल संपेपर्यंत कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मागचे हॉर्न मारायचे. काका म्हणायचे, "मारू दे. त्याला माहीत नाही तो कशावर उभा आहे."

एवढा सगळा भार तोलणारा माणूस, पण एक गोष्ट त्यांना पेलत नव्हती. स्वतःच्या मुलाशी थेट बोलणं. नील इथेच जन्मलेला, चांगला सॉफ्टवेअरमध्ये होता. एक दिवस त्याने नोकरी सोडली आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात कामाला लागला. ही बातमी त्याने जेवणाच्या टेबलावर दिली. काका म्हणाले, "गुत्त्यावर जायला शिकवला का तुला?" नीलला गुत्ता माहीत नव्हता. काकूंनी सावरून घेतलं, "बार रे बार." काका म्हणाले, "बार नव्हे. बारला खुर्च्या असतात." नील श्रीखंड न खाता उठला आणि गेला. हे सगळं मला काकूंनी सांगितलं, आणि श्रीखंडाशी आल्यावर त्या दरवेळी थांबायच्या.

तेव्हापासून बापलेकांचं बोलणं व्हायचं ते काकूंच्या मार्फत. दर रविवारी सकाळी काकांचा लाडका लँडलाईन फोन स्पीकरवर. काकू फोनपाशी, काका सोफ्यावर पेपरमागे. "विचार त्याला, बर्फाचे टायर घातले का." तिकडून नील, "आई, टेल डॅड आय डिड." काकू मान वळवून, "घातलेत म्हणतोय." काका, "ऐकलं मी." मग पुढचा प्रश्न, पुन्हा काकूंकडे. मी हे वर चहाला गेलो की बघायचो. वकील, साक्षीदार, जज, सगळं काकू एकट्या.

अशाच एका रविवारी नील म्हणाला की सगळ्यात भारी बिअर ताज्या हॉप्सची होते. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी हिरवी फुलं, वेलावर येतात. वेलावरून काढून, न सुकवता, दिवसभरात उकळत्या भांड्यात पडली पाहिजेत. पण एवढी ताजी मिळणार कुठे? काकू म्हणाल्या, "हो का? आणि जेवणाचं काय करतोस?" काकांनी पेपरची घडी घातली. वसंतात घरी एक खोकं आलं, त्यात सुकलेल्या आंबेहळदीसारखी दिसणारी मुळं.

"झोपेसाठी आहेत," काका म्हणाले. "उशीत भरतात. आयुर्वेदिकच म्हण."

"तुम्हाला झोप येत नाही?" काकू म्हणाल्या. "बातम्या लागल्या की तुम्ही घोरायला लागता."

"ती वरवरची झोप."

आता खरं काय ते काकूंना कळलं होतं, मला कळलं होतं, शेजारच्या कुत्र्यालाही कळलं असावं. हॉप्स काढायला येतील त्या दिवशी नीलने घरी यावं, एवढ्यासाठी हा सगळा कारभार. फक्त ते नीलला सांगायचं बाकी होतं, आणि नेमकं तेच काम काकांच्या हातून होण्यातलं नव्हतं. त्यापेक्षा त्यांनी मागच्या अंगणात दोन मजली उंचीचे लोखंडी खांब उभे केले. पायात काँक्रीट, वर जाड तारा, तारांना ताण द्यायला आटे. गल्लीत बोलणं झालं की इंडियन माणसाने मोबाईल टॉवरला जागा दिली. टाउनशिपचा माणूस बघायला आला, तर काकांनी त्याला सावलीत बसवून वाऱ्याचा दाब समजावला. तो अर्ध्यातच "ऑल गुड सर" म्हणत उठला. "या तारेला ट्रक लोंबकळला तरी काही होणार नाही," काका मला म्हणाले. आणि खाली करंगळीएवढा एक कोंब, बिचारा, एवढ्या तयारीने बावरून गेलेला.

काकूंनी तुळशीची कुंडी उचलून डेकच्या दुसऱ्या टोकाला नेली. "दारूच्या झाडासमोर नको तिला."

कोंब वाढले की दोरीवर चढवायचे असतात. एकदा काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, म्हणून मी म्हटलं आपण उपकार करू. सगळे वेल दोऱ्यांना छान गुंडाळले, फोटो काढले, आईला पाठवले, खाली लिहिलं, "शेतीत उतरलो." दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वेल सुटून जमिनीवर लोळत होते. खिडकीसमोर काकांचे घोटे येऊन थांबले. माझ्या गॅदरिंगच्या गोष्टी ऐकल्यापासून ते मला नकलाकारच म्हणायचे.

"नकलाकार, बाहेर ये. देवळात प्रदक्षिणा कशी घालतोस?"

मी हवेत बोट फिरवून दाखवलं.

"मग यांना उलटी का घालायला लावलीस? हा वेल असाच फिरतो. प्रदक्षिणेसारखा. तू कितीही उलटा गुंडाळ, तो सोडवून घेतो आणि परत आपल्या बाजूने जातो."

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. दुसऱ्या दिवशी तुळस डेकवर अर्धी वाट परत आलेली दिसली.

पहिल्या वर्षी पीक आलं वाटीभर. तेवढ्यासाठी नीलला बोलवायचं कसं? मी छाती काढून म्हटलं, "काका, मी बनवतो बिअर, मला सगळं येतं." मला काय येत होतं? एक व्हिडिओ बघितला होता, तोही दीडपट स्पीडने. काकूंचं गणपतीतल्या मसालेभाताचं पातेलं मी खोटं बोलून खाली नेलं. सत्यनारायणाच्या प्रसादात टाकतात तशी साखर टाकली, बाटल्या भरल्या आणि माझ्या सुटकेसमध्ये ठेवल्या, कारण व्हिडिओत सांगितलं होतं अंधारात ठेवा. मग एका रविवारी दुपारी पहिली बाटली फुटली. मग तिचं बघून बाकीच्या. वरून काकांचा आवाज आला, "बीम गेला! बाहेर व्हा!" मी वर पळालो तर काका लॉनवर उभे. एका हातात काकू, दुसऱ्या हातात देव्हाऱ्यातला गणपती. मी सांगायचा प्रयत्न केला, पण माझ्या अंगाला येणाऱ्या वासाने आधीच सगळं सांगून टाकलं होतं. काका टॉर्च घेऊन खाली गेले. आधी छताचा प्रत्येक बीम बघितला, मग सुटकेसमधला फेस बघितला. वर आले आणि म्हणाले, "बीम ठीक आहे. तू नाहीस."

काकूंनीच मला नीलचा नंबर दिला. "त्याला विचार कुठे चुकलं. आणि माझं पातेलं आण." मी फोन केला, झालं ते सांगितलं, आणि सांगता सांगता सवयीने काकांच्या आवाजात शिरलो. "बीम गेला! बाहेर व्हा!" मला वाटलं, संपलं, बापाची नक्कल मुलासमोर केली आपण. आणि मग नील जो हसायला लागला. "डू द बीम अगेन, मॅन," म्हणाला. मी पुन्हा केलं. गणपतीसकट केलं.

तेव्हापासून तो दर आठवड्याला मला फोन करायला लागला. सुरुवातीला बिअरबद्दल थोडं बोलायचा, साखर जास्त झाली, घाई केलीस वगैरे. मग हळूच, "सो, डॅड काय म्हणतात?" की माझा प्रयोग सुरू. काका आणि पानं खाणारे जपानी भुंगे: "तुझ्या देशात खा की!" काका आणि कॉस्टकोच्या दुकानातला कार्ट: "लोड बघितलास का?" मी स्पीकर लावून, बेसमेंटमध्ये येरझारा घालत, त्यांची चाल चालत चालत करायचो. फोनवर चाल दिसत नाही हे मला माहीत होतं, पण कलाकार म्हणून माझी काही तत्त्वं आहेत. मेहकरला आई सगळ्यांना सांगत होती, पोरगा अमेरिकेत मशीन लर्निंग शिकतोय. पोरगा अमेरिकेत काका शिकत होता.

त्याच सुमाराला काकांनी आपली खुर्ची खिडकीजवळून काढून कोपऱ्यात, जमिनीत हीटर-एसीची हवा येते त्या जाळीपाशी आणून ठेवली. काकू म्हणाल्या, "तिथे काय आहे?" काका थंडीत म्हणाले, "ऊब." उन्हाळ्यात म्हणाले, "गार हवा." मीही फार विचार केला नाही. आपण मोठे कलाकार, आपल्याला खुर्च्यांशी काय करायचंय.

दुसऱ्या वर्षी वेलांनी कमाल केली. तारेला पोचले, तारेवरून खाली वाकले, आणि ऑगस्ट संपता संपता हिरव्या फुलांचे झुपके लोंबायला लागले. काका त्यांना घडच म्हणायचे, द्राक्षासारखे. रोज सकाळी एक फूल तोडायचं, बोटांत चुरडायचं, आतली पिवळी पूड नाकाशी न्यायची. एके दिवशी माझ्याही नाकाशी आणली. संत्र्याची साल आणि लसूण यांचं लग्न लागल्यासारखा वास. "पिकले," काका म्हणाले. "थोडे दिवस. मग तपकिरी पडतात आणि वास जातो." आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

नेमक्या तेव्हाच काकू पुण्याला होत्या. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. काकांनी त्यांना फोन करून आडून आडून सुचवलं की नीलला जरा कळव. काकूंचं उत्तर मला खालपर्यंत ऐकू आलं, "मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे का? इथे हिचा गुडघा बघू की तुमच्या दोघांची तोंडं? तुम्हीच करा!" मग रोज सकाळी वरून एक आवाज यायचा. रिसीव्हर उचलल्याचा. डायल टोन. रिसीव्हर ठेवल्याचा. वेल पिवळट व्हायला लागले होते.

शनिवारी सकाळी काका पोह्यांची डिश घेऊन खाली आले. घरमालक पोहे घेऊन खाली आला म्हणजे एकतर भाडं वाढणार किंवा घर सोडायचं. काका माझ्या खुर्चीवर बसले, बसण्याआधी तिचा पाय हलवून बघितला.

"तू माझी नक्कल करतोस."

माझ्या तोंडात पोहे होते. ते तिथेच राहिले.

"जाळीतून सगळं वर येतं," काका म्हणाले. "गेलं वर्षभर ऐकतोय."

"काका, सॉरी, मी फक्त..."

"तो हसतो, तेही येतं."

मग बराच वेळ त्यांनी माझ्या टेबलाचा लोड बघितला.

"एक काम कर. माझ्या आवाजात त्याला फोन लाव. सांग, घड पिकलेत. सांग, ये म्हणून."

"काका, तुम्हीच सांगा की."

"मला नाही जमत. तुला मी जास्त चांगला जमतो."

मी फोन स्पीकरवर लावला. आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रयोग, आणि ओरिजनल माणूस पहिल्या रांगेत. एरवी मी काका डोळे मिटून करतो, पण त्या दिवशी तोंडातून काहीतरी सिनेमातला बाप निघाला.

"हॅलो, नील बेटा... तुझी खूप आठवण येते रे..."

"ए!" काका ताडकन उठले. "बेटा काय बेटा? मी कधी कुणाला बेटा म्हणालोय?"

"काका, थोडं इमोशनल..."

"आणि आवाज असा काय? मला सर्दी झालीये का? आण इकडे!" त्यांनी फोन हिसकावला. "नील, हे याचं काही ऐकू नकोस. मी असं बोलत नाही. मी साधं बोलतो. घड पिकलेत. तू म्हणाला होतास, तोडले की दिवसभरात वापरायचे. तर मग ये."

मग नील म्हणाला, "डॅड? इज धिस यू, ऑर इज धिस स्टिल हिम?"

"मीच. त्याला एवढं जमत नाही."

"बट डॅड, आई म्हणाली ते तुमच्या पिलोसाठी आहेत. फॉर स्लीप."

काकांनी खिडकीतून बाहेर बघितलं. तिथून फक्त गवत आणि खांबांचे पाय दिसत होते.

"झोपेसाठी नव्हते," काका म्हणाले.

नील दुपारीच आला. पिकअप ट्रकमध्ये मागे एवढं मोठं भांडं की काकूंचं पातेलं त्यात वाटीसारखं तरंगलं असतं. तो खांबांकडे मान वर करून बघत राहिला. "डॅड, यू बिल्ट अ ब्रिज," म्हणाला. काका खूश झाले, पण ते दाखवायचं कसं हे न कळल्यामुळे आटे तपासायला गेले. मग आम्ही वेल कापून खाली घेतले आणि गॅरेजमध्ये जमिनीवर पेपर पसरून, मेथी निवडायला बसतात तसे निवडत बसलो. वेल असा खरखरीत की माझे हात कोपरापर्यंत ओरबाडले. सोमवारी नोकरीच्या इंटरव्ह्यूला मला विचारलं गेलं, मांजर पाळलीये का. बसायची व्यवस्था अशी, काका एका बाजूला, नील एका बाजूला, मधे मी. काका मला म्हणाले, "विचार त्याला, जेवून आलाय का." नील हातभर अंतरावर. तो मला म्हणाला, "टेल डॅड आय एट." मी मान वळवून म्हटलं, "जेवलाय म्हणतोय." काका म्हणाले, "ऐकलं मी." आणि मग तिघेही एकदम हसलो. काकांचं हसणं मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. त्याची नक्कल माझ्याकडे नव्हतीच. त्यानंतर मी पाणी आणायला म्हणून उठलो आणि बराच वेळ परत गेलो नाही. लांबून बघितलं, तर मधली जागा रिकामी होती, आणि ते दोघं आपसात कसल्यातरी गाठीवरून भांडत होते. थेट.

काही आठवड्यांनी नील त्या बिअरच्या बाटल्या घेऊन आला. तोवर काकू परतल्या होत्या. त्यांनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं, आणि ती फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी ठेवली, म्हणजे तुळसही आता जागेवर परत येणार होती. काकांनी ग्लास घेतला नाही. स्टीलचा चमचा आणवला, त्यात औषधासारखी बिअर ओतली आणि डोळे मिटून घेतली. आम्ही सगळे बघतोय. नील तर बोटं मोडत होता, नोकरीच्या इंटरव्ह्यूला बसल्यासारखा.

"कडू आहे," काका म्हणाले.

नीलने मान हलवली. काकांनी चमचा पुढे केला.

"अजून एक दे."

फ्रिजच्या मागच्या कप्प्यात काकूंनी श्रीखंड करून ठेवलं होतं. नीलने दोनदा घेतलं.

आता मी चँडलरला असतो, चिप बनवणाऱ्या कंपनीत. काकांनी मला पार्सलने एक मूळ पाठवलं होतं, बाल्कनीत लावायला. सोबत खांबाचं ड्रॉइंग, वाऱ्याच्या दाबासकट. अॅरिझोनाच्या उन्हात ते मूळ आठवडाभरात पापड झालं. काकांना मी अजून सांगितलेलं नाही, विचारलं की म्हणतो, चढतंय. इथल्या मंडळात गणपतीत मी काका करतो. ज्यांनी त्यांना कधी बघितलं नाही तेही हसून लोळतात. नीलचे फोन मात्र येईनासे झाले. बरोबर आहे, ओरिजनल मिळाल्यावर डुप्लिकेट कोण घेतं?

रविवारी सकाळी कधी कधी मी काकांच्या लँडलाईनला फोन लावतो. हमखास एंगेज लागतो. कॉल वेटिंग त्यांनी अजून घेतलेलं नाही, म्हणतात एका तारेवर एकच लोड. मग मी बाल्कनीत रिकाम्या कुंडीशेजारी चहा घेऊन बसतो आणि काकांच्या आवाजात स्वतःलाच विचारतो, "काय नकलाकार, जेवलास का?" आवाज अगदी हुबेहूब येतो. फक्त खाली जमिनीत जाळी नाही, आणि ऐकायला वर कुणी बसलेलं नाही. थोड्या वेळाने परत लावून बघतो. अजून एंगेजच असतो. मी पण लगेच ठेवत नाही. तो टूं टूं आवाज जरा वेळ ऐकत बसतो.